ड्रायव्हरबाईंचं दुसरं लायसन्स

विमान चालवायचं लायसन्स मिळायला किती दिवस लागतात, याचं छापील उत्तर फ्लाइंग क्लबच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं: किमान चाळीस तासांचं उड्डाण. आता चाळीस तास म्हणजे कितीसे? नोकरदार माणसाचा एक आठवडा. सोमवारी डबा घेऊन घराबाहेर पडलं की शनिवारी वैमानिक होऊनच परत. ड्रायव्हरबाईंनी तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांनाही साधारण असंच वाटलं होतं. त्याला आता सहावं वर्ष चालू होतं.

बाई लांब पल्ल्याची बस चालवायच्या. सकाळी शहरातून निघायचं, डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी जायचं, तिथे गाडी थोडा वेळ थांबवायची आणि तीच गाडी घेऊन परत यायचं. डेपोतले लोक त्यांना 'पायलटबाई' म्हणून चिडवत आणि क्लबातले लोक 'ड्रायव्हरबाई' म्हणत. म्हणजे दोन्हीकडे त्या दुसरीकडच्याच. बाईंना त्याचं काही वाटत नसे. लोकांचं चिडवणं मनाला लावून घेणाऱ्या असत्या तर त्या बसच्या स्टिअरिंगपर्यंतसुद्धा पोचल्या नसत्या.

हे खूळ डोक्यात शिरलं ते त्या पलीकडच्या गावी. तिथलं बसस्थानक आणि तिथलं छोटं विमानतळ यांच्यामध्ये फक्त एक तारेचं कुंपण होतं. गाडी थांबवून बाई चहाचा पेला घेऊन कुंपणापाशी उभ्या राहायच्या. एक धावपट्टी, एक खोलीचं ऑफिस, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची नळी, बाकी सगळं गवत. कधीतरी एखादं दोन माणसांचं विमान भुरकन यायचं आणि जायचं. किती वर्षं त्यांनी ते नुसतं बघितलं. मग एके दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी विमान शिकणार आहे." नवरा फ्रीज दुरुस्तीची कामं करायचा. त्याने हातातला पाना खाली न ठेवता विचारलं, "आणि उतरवायला कोण शिकणार?"

तर ही सहा वर्षं गेली कुठे? सुट्टी असेल त्या दिवशी हवा वाईट. हवा चांगली त्या दिवशी विमान दुरुस्तीला. दोन्ही जमलं तर मुलीची परीक्षा, नाहीतर सासूबाईंचा गुडघा. महिनाभर खंड पडला की हात विसरायचा, मग मागचंच पुन्हा गिरवायचं. लेखी पेपर पाच होते. हवामान, नकाशे, नियम, इंजिन आणि रेडिओवर कसं बोलायचं ते. दहावीनंतर पुस्तकाला हात न लावलेल्या बाईंनी ते पेपर गाडीच्या मागच्या सीटवर बसून, प्रवासी चढायच्या आधीच्या वेळात पाठ केले. हवामानाच्या पेपरात त्या दोनदा आपटल्या. सासूबाई आपल्या बाजूने म्हणायच्या, "अगं, एवढ्या दिवसांत माणूस डॉक्टर होतो. तुझं नक्की काय अडलंय?"

आणि अडलं ते शेवटच्या टोकाला येऊन. पाच पेपरांचा निकाल कायमचा टिकत नाही, ठरावीक मुदतीनंतर तो रद्द होतो. बाईंची मुदत त्या महिनाअखेरीला संपत होती. तोवर दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक म्हणजे एकटीने करायचं लांबचं उड्डाण: दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून परत घरी यायचं. आणि दुसरी म्हणजे परीक्षकासमोरची अंतिम चाचणी. परीक्षक परवा येणार होते आणि नंतर महिना संपेपर्यंत येणार नव्हते. लांबचं उड्डाण आधी दोनदा पावसात वाहून गेलं होतं. आज जमलं तर परवा चाचणी, आणि चाचणी झाली की लायसन्स. आज नाही जमलं तर पाचही पेपर परत, म्हणजे आणखी दोन वर्षं तरी गेलीच. हातातोंडाशी आलेला घास होता तो.

क्लबातल्या मुख्य शिक्षकाला सगळे वस्ताद म्हणत. केस पांढरे, बोलणं मोजकं, आणि ओरडायचे ते फक्त धावपट्टीवर. सकाळी त्यांनी बाईंचा नकाशा पाहिला, हवामानाचा अंदाज वाचला आणि म्हणाले, "सकाळ चांगली आहे. दुपारच्या सुमाराला डोंगरावर ढग बसण्याची शक्यता आहे, पण त्याच्या आत तुम्ही घरी असाल. बाई, एकच लक्षात ठेवा. जमीन नीट दिसेनाशी झाली की मागे फिरायचं. पुढे काय आहे ते बघायला जायचं नाही."

"हो सर," बाई म्हणाल्या. एवढं तर त्यांना झोपेतही पाठ होतं.

पहिला टप्पा लोण्यासारखा गेला. पहिल्या विमानतळावर त्या इतक्या अलगद उतरल्या की चाकं टेकल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. दुसऱ्या टप्प्यात वारा पाठीशी होता. पलीकडच्या गावचं विमानतळ ठरल्यापेक्षा बरंच लवकर खाली दिसू लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच बाई कुंपणाच्या त्या बाजूला एकटीने उतरल्या. पलीकडे बसस्थानकात त्यांचीच गाडी उभी होती, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती. त्यांना हसूच फुटलं.

ऑफिसात एकच कारकून होता. त्याने उतरल्याची नोंद केली, शिक्का मारला आणि खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाला, "निघा आता लगेच. तिकडे भरून यायला लागलंय."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सकाळी आपल्या कागदावर त्यांनी इथून निघायची वेळ लिहिली होती आणि त्या वेळेला अजून अवकाश होता.

"माझी सुटायची वेळ झाली नाही," त्या म्हणाल्या.

कारकुनाला वाटलं बाई गंमत करतायत. पण बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. बस चालवणाऱ्या माणसाच्या हाडीमासी एक गोष्ट मुरलेली असते: उशिरा सुटलेल्या गाडीला लोक शिव्या देतात, पण वेळेआधी सुटलेल्या गाडीला शाप देतात. इंजिन चालू असो, सगळी माणसं बसलेली असोत, वेळेआधी गाडी हलवायची नाही. इथे त्यांच्यासाठी धावत येणारं कोणी नव्हतं. मागच्या सीटवर पिशवी ठेवून बिडी ओढायला उतरलेलं कोणी नव्हतं. कागदावरची ती वेळ म्हणजे नुसता अंदाज, वेळापत्रक नव्हे, हेही वस्तादांनी शिकवलं होतं. पण जित्याची खोड ती जाते कुठे? बाई आपल्या वेळेला उठल्या, विमानाभोवती एक फेरी मारून सगळं तपासलं आणि अगदी ठरल्या मिनिटाला धावपट्टीवरून वर गेल्या. कारकून दारात उभा राहून बघत होता. त्याने हात केला, बाईंना तो दिसला नाही.

थोड्याच वेळात समोर डोंगराची रांग आली, आणि तिच्या माथ्यावर ढग.

तसा ढग लांबून काही भयंकर दिसत नव्हता. करडा, सपाट, कोणीतरी डोंगरावर गोधडी टाकावी तसा. क्लबातून रेडिओवर विचारणा झाली, "कुठवर आलात?" बाईंनी जागा सांगितली. "हवा कशी आहे?" बाईंनी समोर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." खोटं बोलायचं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. ठीक असावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तोंडातून तेच गेलं.

ठरलेल्या उंचीवरून जाणं आता शक्य नव्हतं, तिथे ढग होता. बाई थोड्या खाली आल्या. ढगही खाली आला. त्या आणखी खाली आल्या. सहा वर्षं पाठ केलेलं वाक्य डोक्यात वाजत होतं, मागे फिरायचं, मागे फिरायचं. त्याच्याच शेजारी दुसरं वाक्य वाजत होतं, परवा चाचणी, परवा चाचणी. आणि त्याच वेळी त्यांना खाली रस्ता दिसला.

त्यांचा रस्ता. रोजचा. दोन डोंगरांमधून वर चढत जाणारा, काळा, ओला, मधे पांढरी रेघ. वडाच्या झाडाचं वळण, पुढे पडक्या गोदामाचं वळण, मग लहान पूल. एक बससुद्धा चालली होती, तिचा लाल टप त्यांना ओळखता आला. बाईंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एवढा वेळ आपण उगाच घाबरलो. नकाशा कशाला हवा, या रस्त्यावरून तर त्या धुक्यातून, पावसातून, तापाने फणफणत असताना, पोटात पोर असतानाही गेल्या होत्या. हा रस्ता डोंगराच्या पलीकडे जातो आणि थेट शहरात नेऊन सोडतो. जमीन दिसतेय. नियम मोडलेला नाही. रस्ता धरायचा आणि घरी जायचं.

असं म्हणून बाई खोऱ्यात शिरल्या.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या उतारांवर आपटून परत येत होता. रेडिओवर नुसती खरखर उरली. वर ढगाचं छत, इतकं जवळ की पंखांच्या टोकांवरून धुक्याच्या चिंध्या मागे जात होत्या. डावीकडे झाडं, उजवीकडे कातळ. बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. त्याला स्टिअरिंग म्हणू नका असं वस्तादांनी शंभरदा सांगितलं होतं, पण बाईंच्या लेखी हातात धरून वळवायची वस्तू म्हणजे स्टिअरिंगच. खाली रस्ता होता, बाईंनी डोळे त्याच्यावर खिळवून ठेवले होते. आणि रस्ता वर चढत होता. म्हणजे छत होतं तिथेच, आणि फरशी वर येत होती. हे त्यांना दिसत होतं. तरी त्या पुढे जात राहिल्या, कारण पुढच्या प्रत्येक वळणाचं नाव त्यांना पाठ होतं.

पेट्रोल पंप गेला. त्याचं पत्र्याचं छप्पर अगदी पोटाखालून गेलं. पंपावर एक माणूस मान वर करून बघत होता, त्याच्या डोक्यावरची टोपीही बाईंना दिसली. पंपानंतर एक डावं वळण, वळणावर पिवळी पाटी.

आणि बाईंचा उजवा हात इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावरून उठला आणि समोर काहीतरी चाचपू लागला.

पहिल्यांदा त्यांना कळेचना, हा हात काय शोधतोय. त्यांनी हाताकडे पाहिलं. हात दिव्यांचं बटण शोधत होता. बसमध्ये जिथे असतं तिथे. रोज या पाटीपाशी आल्यावर हात तेच करायचा, कोणी सांगावं लागत नसे. पाटीवर लिहिलेलंच होतं: दिवे लावा. पुढे बोगदा आहे.

बोगदा.

बसमधून बोगदा म्हणजे दोन मिनिटांचा काळोख. पोरं ओरडतात, कोणीतरी मोबाइलचा दिवा लावतं आणि गाडी पलीकडे. तो रस्त्याचाच एक तुकडा होता. तो डोंगराच्या पोटात आहे, आणि त्याच्यावर सबंध डोंगर उभा आहे, त्या डोंगरावर विजेच्या तारांचे मनोरे आहेत आणि त्या सगळ्यावर ढग बसलेला आहे, असा विचार इतक्या वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता. येणार कशाला? समोर वळणापलीकडे रस्ता काळ्या भोकात शिरताना त्यांना दिसला. भोकाच्या वर कातळ, कातळाच्या वर करडं काहीच नाही.

वर जायचं तर ढगात, आणि ढगात तारा. खाली रस्ता. पुढे दगड. खोरं इतकं अरुंद की सरळ मधूनच वळलं तर पंख कुठेतरी टेकणार हे डोळ्यांना दिसत होतं.

इथे काय करायचं हे ठरवायला बाईंना वेळच नव्हता. घाटातल्या बारीक वळणावर लांब गाडी फिरवायची तर आधी उलट बाजूला जायचं, कडेला घासेपर्यंत, आणि मग सगळा रस्ता वापरून वळायचं. वस्तादांनीही खोऱ्यातलं वळण असंच शिकवलं होतं, उंचावर, स्वच्छ उन्हात. बाईंनी विमान उजवीकडे नेलं. कातळ जवळ आला, त्याच्यावरची ओली झुडपं वेगवेगळी दिसायला लागली, आणखी जवळ आला. मग पूर्ण जोर देऊन त्यांनी विमान डावीकडे टाकलं.

डावा पंख खाली गेला आणि त्याच्या टोकाखाली रस्ता फिरू लागला. पांढरी रेघ, पाटी, बोगद्याचं तोंड, सगळं तिरकं. समोर पलीकडचा उतार झपाट्याने मोठा होत होता. बाईंनी स्टिअरिंग पोटाशी ओढलं, अजून ओढलं. आणि मग भोंगा वाजला. विमान फार हळू झालं, पंखांनी हवा सोडली की वाजतो तो. रडक्या पोरासारखा, चिरका. तो वाजला की स्टिअरिंग पुढे सोडायचं, नाक खाली करायचं. पण खाली झाडं होती. अंगातला प्रत्येक कण ओरडत होता, ओढ, ओढ. बाईंनी दातावर दात दाबले आणि हात सैल केले.

नाक खाली गेलं. झाडं वर आली. भोंगा थांबला. विमानाला पुन्हा वेग आला, पंखांना हवा मिळाली, आणि पलीकडचा उतार काचेतून सरकत सरकत बाजूला गेला. समोर रस्ता होता, आलेला. पेट्रोल पंप. टोपीवाला माणूस अजून तिथेच उभा, तोंड उघडं. त्याच्यापलीकडे लांबवर खोऱ्याचं तोंड आणि तिथे उजेड.

विमानात कोणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं. बऱ्याच वेळाने बाईंच्या लक्षात आलं की त्याच बोलतायत. "झालं, झालं, झालं," असं त्या म्हणत होत्या, जसं लेकीला लहानपणी पडल्यावर उचलून म्हणायच्या.

पलीकडच्या गावच्या धावपट्टीवर त्या कशा उतरल्या ते विचारू नका. दोनदा उसळी मारली. विमान कडेला लावून इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उतरल्या. त्या चाकापाशी गवतात बसल्या. कारकून धावत आला.

"काय झालं ताई? तब्येत बरी आहे ना?"

"डोंगरात ढग होता," बाई म्हणाल्या. "परत आले."

"मी म्हटलंच होतं तुम्हाला," असं म्हणून तो बिचारा पाणी आणायला गेला.

बाईंनी फोन काढला. मग वस्तादांना लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला, म्हणजे फोन हातातच धरून बसले असणार.

"सर, मी परत इथेच उतरले. डोंगरात ढग होता."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "शाबास!" वस्ताद म्हणाले. सहा वर्षांत हा शब्द बाईंनी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "रेडिओ बंद पडला तेव्हा काळजी वाटली जरा. पण तुम्ही मागे फिरलात. बाई, विमान काय, कोणीही उडवतं. वेळेवर मागे फिरणं, तेच मला बघायचं होतं. आता ऐका. ताजा अंदाज आलाय, तीनच्या सुमाराला डोंगर मोकळा होतोय. तिथेच थांबा, पोटात काही घाला, मोकळं झालं की निघा. आजच्या आज पोचलात की उड्डाण पूर्ण धरता येईल. परवाच्या चाचणीला मी परीक्षकांना आताच कळवतो."

बाईंनी फक्त "हो सर" म्हणायचं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. पेट्रोल पंपावरचा माणूस काही क्लबात येऊन सांगणार नव्हता. विमानावर ओरखडासुद्धा नव्हता. तीन वाजता ऊन पडणार, त्या अगदी रुबाबात घरी जाणार, परवा लायसन्स. पेपर परत नाहीत, हवामान परत नाही, मागच्या सीटवरची ती पाठांतरं परत नाहीत. सासूबाईंना उत्तर मिळणार. डेपोत पेढे वाटायचे हेसुद्धा त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं.

"हॅलो? बाई?"

"सर, थांबा," बाई म्हणाल्या. "मी वेळेवर मागे नाही फिरले."

आणि मग त्यांनी सांगितलं. आधी निघता येत असूनही बाकावर बसून राहिले ते. रेडिओवर ठीक आहे म्हटलं ते. रस्ता दिसला ते. वस्तादांनी एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी फक्त एक विचारलं.

"कुठपर्यंत गेलात?"

"दिव्यांच्या पाटीपर्यंत."

वस्ताद स्वतः त्या रस्त्याने गाडी चालवायचे. ती पाटी त्यांना माहीत होती.

"विमान बांधून ठेवा," ते म्हणाले. आवाज वेगळाच आला होता. "किल्ली ऑफिसात द्या. मी दुसऱ्या कोणाला तरी घेऊन गाडीने येतो. तो विमान आणेल. तुम्ही माझ्याबरोबर या."

"आणि परवाची चाचणी?"

"नाही होणार."

"म्हणजे पेपर…"

"परत द्यावे लागतील. आणि पेपर सुरू करायच्या आधी माझ्याबरोबर पुन्हा डोंगर. पहिल्यापासून."

"बरं," बाई म्हणाल्या. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडू यायला लागलं. सहा वर्षं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की हाताशी आलेल्या गवताच्या काड्या त्यांनी उपटून फेकल्या. गप्प बसता येत नव्हतं का? देव देतो आणि कर्म नेतं, ते हेच.

वस्तादांना रडणं ऐकू गेलं असावं.

"बाई, खूप वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी मला निरोप घेऊन जावं लागलं होतं," ते म्हणाले. "आईनेच दार उघडलं. तोही असाच रस्ता धरून निघाला होता. त्याने असा फोन केला असता तर त्यालाही मी हेच सांगितलं असतं, चाचणी नाही, पेपर परत, सगळं पहिल्यापासून. तोही चिडला असता माझ्यावर. पण त्याचा फोन आला नाही." मग खाकरून म्हणाले, "पाणी प्या. निघतोच मी."

कारकुनाने पाणी आणून ठेवलं होतं. बाई प्यायल्या, उरलेलं तोंडावर मारलं. कुंपणापलीकडे त्यांची बस शहराकडे निघायच्या तयारीत होती. कंडक्टर ओरडून प्रवासी गोळा करत होता आणि एक म्हातारी पिशव्या सावरत धावत येत होती. गाडी तिच्यासाठी थांबली, ती चढली, मग गाडी हलली आणि डोंगराच्या दिशेने निघून गेली.

बाईंनी घरी फोन लावला. नवरा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रीजमागे घुसलेला होता, मागे पत्रे वाजत होते.

"बोला पायलटीणबाई! पोचलात का?"

"नाही अजून. संध्याकाळी येते. रस्त्याने."

"रस्त्याने? आणि विमान?"

"ते दुसरं कोणीतरी आणणार आहे. अहो, उड्डाण पूर्ण नाही झालं. परवाची चाचणी पण नाही. लायसन्स आता नाही मिळणार. सगळे पेपर परत द्यायचे आहेत."

पत्र्यांचा आवाज थांबला. बाईंना वाटलं, आता येणार टोमणा. आणि आला असता तरी त्यांनी आज ऐकून घेतला असता. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी एकट्याने स्वयंपाक करणारा माणूस होता तो.

"बरं झालं म्हणू, की वाईट झालं म्हणू?" त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता. बायकोच्या आवाजावरून त्याला काही अंदाज लागत नव्हता.

"बरं झालं म्हणा," बाई म्हणाल्या.

"का गं? काय झालं?"

"संध्याकाळी सांगते. आत्ता तुम्हीच बोला काहीतरी," बाई म्हणाल्या. नवरा पलीकडून फ्रीजचं काय बिघडलंय ते सांगत राहिला आणि बाई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून त्याचा आवाज ऐकत बसल्या.